इतिवृत्तात न आलेलं

गुरुवार. टोर्शहाव्न. पाचांपैकी चार हजर.
हानुस सांडोय बेटावर, त्याची मेंढी अडलीय.
विषय एकच: 'सेव्ह'ला आपला शब्द.
तिसरा गुरुवार.

मी सुन्नेवा, समितीची चिटणीस.
जे ठरतं ते लिहिते.
जे ठरत नाही ते कॉफीसोबत गार होतं.

बिर्गर म्हणाला, सरळ 'वाचवणे' घ्या.
मारयुन म्हणाली, वाचवतात ते बुडणाऱ्याला.
तिचा भाऊ ज्या हिवाळ्यात होडीतून परतला नाही
तेव्हापासून हे क्रियापद ती तोंडात घेत नाही,
हे आम्हा सगळ्यांना ठाऊक; कुणी कपाकडे बघितलं,
कुणी बंदराकडे.
मी लिहिलं: प्रस्ताव मागे.

मग मीच एक शब्द टाकून पाहिला.
म्हटलं, फटीफटीच्या फळ्यांचं खोपट असतं ना आपलं,
मटण टांगतो आपण त्यात, आणि समुद्रावरचा वारा
ते सुकवतो, नासू देत नाही,
महिन्यांनी हात घालावा तर जिथल्या तिथं,
वर वास आणि चव वाढलेली.
तसं, 'टांगणे'. फाईल टांगा.
टोकी, आमच्यातला प्रोग्रॅमर, वय सव्वीस,
खुदकन हसला: आणि कॉम्प्युटर हँग झाला की
तेव्हा काय म्हणायचं?
शब्द टाकला होता. कुणी झेलला नाही.

स्क्रीनसाठी कुणाला भांडावं लागलं नाही म्हणे.
जुन्या घरांत काच नव्हती तेव्हा
छपराच्या धुराच्या भोकावर पापुद्रा ताणून बसवायचे,
जनावराच्या पोटातला,
उजेड आत यायचा, पाऊस बाहेर थांबायचा.
त्या पापुद्र्याचं नाव आज
आठवीतली पोरं अंगठ्यानं वर सरकवतात.
असा शब्द एखाद्याच पिढीच्या नशिबी.
आमच्या वाट्याला 'कॅशे' आणि 'कुकी'.

वडील क्लाक्सविकला. हयात बोटींच्या इंजिनात गेली,
नखांत अजून ग्रीस.
फोनवर विचारतात, माझे फोटो कुठं गेले?
ढगात आहेत, बाबा.
बराच वेळ नुसता श्वास. मग:
'धुक्यात ठेवलेलं
कधी कुणाला परत मिळालंय?'
हे मत समितीपुढं ठेवता येत नाही.
पण यादीत 'क्लाउड'पुढं मी पेन्सिलीनं
एक टिंब देऊन ठेवलंय.

चार हजार दोनशे ओळी बाकी आहेत.
आम्ही बोलणारे सगळे मिळून
परदेशातल्या एका स्टेडियमात मावू,
वर पॉपकॉर्नवाल्यांनाही जागा उरेल.
मोठ्या कंपनीला पत्र घातलं होतं.
उत्तर आपोआप आलं:
आपली भाषा यादीत सापडली नाही,
कृपया जवळची भाषा निवडा.
जवळची!

पावणेपाचला हानुसचा फोन, स्पीकरवर.
मागं मेंढ्यांचा कल्ला.
जुळं झालं, म्हणाला, एक धडधाकट, एक गारठलेलं,
ते स्वेटरात गुंडाळून
चुलीमागं ठेवलंय.
आणि त्यानं वापरलेला तो शब्द
साधा, घरातला, रोजचा,
उरलेल्या बटाट्यांसाठीचा, लपवलेल्या चॉकलेटसाठीचा,
इतका हाताशी की तिन्ही गुरुवार
आमच्या कोपराखालीच पडून होता.
टोकीनं टेबलावर बोटं वाजवली, अक्षरं मोजली:
बटणात बसतो.
मारयुन काही बोलली नाही.
तिनं हात मात्र वर केला.
बिर्गर विरोधात. त्याच्या मते शब्दाला
थोडा मान हवा, थोडी उंची.
तीन विरुद्ध एक.

(गारठलेलं कोकरू रात्री गेलं. हे हानुसनं
सोमवारी सांगितलं, शब्द मंजूर झाल्यावर.)

घरी येऊन इतिवृत्त टाइप केलं.
दिनांक, हजेरी, ठराव क्रमांक.
खिडकी बंद करताना मशीननं विचारलं,
डॅनिशमध्ये,
बदल ठेवायचे का?
मी हो म्हटलं.
डॅनिशमध्येच.